कॉपी

कॉपी : लेखन, मुद्रण व ग्रंथव्यवहार यांच्याशी निगडित असलेला एक अनेकार्थी इंग्रजी शब्द. मूळ लेखावरून उतरवून घेतलेली नक्कल, छापलेल्या ग्रंथाच्या अनेक प्रतींपैकी एक प्रत, छापखान्यात जुळणीसाठी दिलेला मजकूर, वृत्तपत्रासाठी वा जाहिरातीसाठी केलेले लेखन, अक्षर वळवण्यासाठी विद्यार्थ्यापुढे ठेवलेला कित्ता, दुसऱ्याचे अनुकरण आणि परीक्षेतील लबाडी एवढे अर्थ हा एकच शब्द व्यक्त करतो. यांतील काही अर्थ परस्परविरोधी आहेत. कचेरीत कॉपी म्हणजे मुळावरून केलेली दुय्यम वस्तू, तर छापखान्यात कॉपी म्हणजे जिच्यावरून छपाई करावयाची ती मूळ वस्तू होय. कित्ता म्हणून कॉपी अनुकरणीय ठरते, तर परीक्षेत तीच दंडनीय ठरते. हा विरोध आकस्मिक नाही. लेखन कोणी, किती आणि कोणाच्या परवानगीने बहुगुणित करावे, या प्रश्नाची निरनिराळ्या काळांत जी निरनिराळी उत्तरे दिली गेली, त्यांचे अवशेष या शब्दाच्या अर्थांत साठलेले आहेत. त्यामुळे या एका शब्दाचा इतिहास हा काही अंशी यूरोपीय ग्रंथव्यवहाराचाच इतिहास ठरतो.

व्युत्पत्ती व मूळ अर्थ : हा शब्द लॅटिन ‘कोपिआ’ या शब्दापासून जुन्या फ्रेंच भाषेच्या द्वारा चौदाव्या शतकात इंग्रजीत आला. लॅटिनमध्ये त्याचा मूळ अर्थ विपुलता वा समृद्धी असा होता. संपत्ती व सामर्थ्य या अर्थाच्या ‘ऑप्स’ या शब्दाला ‘को’ हा उपसर्ग लागून तो सिद्ध झाला. याच शब्दाचे अनेकवचन सैन्य व रसद या अर्थाने लॅटिन ग्रंथांत येते. फळाफुलांनी ओसंडणाऱ्या शिंगाचे जे समृद्धिचिन्ह पाश्चात्त्य शिल्पांत व चित्रांत आढळते, त्याच्या नावातही हाच शब्द आहे. इंग्रजीतील विपुलतावाचक ‘कोपिअस’ हे विशेषणही याच कुळातले होय.

विपुलतेपासून नकलेपर्यंतचा अर्थप्रवास प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटतो; तथापि त्यातील मधला दुवा महत्त्वाचा आहे. लॅटिनमध्ये ‘कोपिआ’ या शब्दाला संधी, मुभा किंवा उपलब्धता अशीही अर्थच्छटा होती. एखादा लेख वाचण्याची वा उतरवून घेण्याची ‘कोपिआ’ देणे म्हणजे तशी मुभा देणे. या वाक्प्रयोगांतून मध्ययुगीन लॅटिनमध्ये मुभेचे नाव त्या मुभेने तयार झालेल्या लेखालाच पडले, असे सामान्यतः मानले जाते. म्हणजे नक्कल या अर्थाच्या मुळाशी केवळ अनुकरण नसून परवानगीची कल्पना आहे. इंग्रजीतही आरंभीची सु. तीन शतके विपुलता व नक्कल हे दोन्ही अर्थ शेजारी शेजारी नांदत होते. पहिला अर्थ सतराव्या शतकानंतर लोप पावला.

हस्तलिखितांचा काळ : मुद्रणपूर्व काळात नक्कल हाच ग्रंथाच्या अस्तित्वाचा एकमेव आधार होता. ज्या ग्रंथाच्या नकला झाल्या नाहीत, तो एखाद्या आगीने, पुराने वा वाळवीने कायमचा नष्ट होत असे. यूरोपात प्रथम ख्रिस्ती मठांतील लेखनशाळांनी हे काम केले. तेथे ग्रंथ उतरवणे हा साधनेचा भाग समजला जाई. बाराव्या-तेराव्या शतकांत विद्यापीठे उदयास आली, तेव्हा एकाच पाठ्यग्रंथाच्या अनेक प्रतींची एकदम गरज निर्माण झाली. ती भागवण्यासाठी बोलोन्या, पॅरिस इ. ठिकाणी ‘पेकिआ’ म्हणजे तुकडा या नावाची पद्धती रूढ झाली. विद्यापीठाने तपासून मान्य केलेली आदर्शप्रत ग्रंथविक्रेत्याकडे सुट्या जुड्यांच्या स्वरूपात असे. विद्यार्थी वा व्यावसायिक लेखनिक एकेक जुडी भाड्याने नेऊन उतरवून घेत व परत करून पुढची नेत. त्यामुळे एकाच आदर्शप्रतीवरून अनेकांना एकाच वेळी काम करता येई. भाड्याचे दर विद्यापीठ ठरवून देई. पॅरिस येथील १२७५ व १३०४ सालांची अशी दरपत्रके उपलब्ध आहेत. या व्यवस्थेत नक्कल करणे निषिद्ध नव्हतेच. उलट अधिकृत आदर्शावरून व ठरलेल्या दराने नक्कल करता यावी, यासाठीच नियम केलेले होते.

मुद्रणकलेचा प्रसार झाल्यानंतरही नक्कल करण्याच्या श्रमाचे माहात्म्य सांगणारे विद्वान होते. जर्मनीतील श्पोनहाइम मठाचा अधिपती योहानेस ट्रिथेमिअस (१४६२–१५१६) याने १४९२ मध्ये लेखनिकांची स्तुती करणारा ग्रंथ रचला. चर्मपत्रावरील हस्तलिखित हजार वर्षे टिकेल, तर कागदावरील छापील पुस्तक दोनशे वर्षे टिकले तरी पुष्कळ, असे त्याचे मत होते. हा ग्रंथ त्याने १४९४ मध्ये माइन्त्स येथे छापून घेतला. योहान गूटेनबेर्कने सु. १४५५ मध्ये त्याच नगरात बायबलच्या सु. १८० प्रती छापून पूर्ण केल्या होत्या. हस्तलेखनाच्या पुरस्कर्त्यालाही आपले म्हणणे पसरवण्यासाठी मुद्रणाचाच आश्रय घ्यावा लागला, ही गोष्ट त्या संक्रमणकाळाची द्योतक आहे.

दस्तऐवजातील अर्थ : इंग्लंडच्या कायद्यात या शब्दाला एक स्वतंत्र महत्त्व प्राप्त झाले. सरंजामी व्यवस्थेतील जमीनदाराच्या दरबारात कुळांच्या जमिनींच्या नोंदी एका गुंडाळीवर केल्या जात. मूळ गुंडाळी जमीनदाराच्या कारभाऱ्याकडे राही आणि कुळाला तीतील नोंदीची नक्कल मिळे. ही नक्कल हाच त्याच्या हक्काचा पुरावा असल्यामुळे अशा धारणापद्धतीला ‘कॉपीहोल्ड’ म्हणजे नकलेच्या आधारे केलेली धारणा, असे नाव पडले. भूदासांच्या वंशजांना जमिनीवर जो थोडाफार स्थिर हक्क मिळाला, तो या कागदाच्या तुकड्यामुळे. १९२२ च्या मालमत्ताविषयक कायद्याने ही पद्धती रद्द झाली व १ जानेवारी १९२६ पासून ती संपुष्टात आली. नक्कल ही मुळापेक्षा कमी प्रतीची असते हा समज येथे लागू पडत नाही. कारण कुळाच्या दृष्टीने हाती असलेली नक्कल हीच खरी दौलत होती.

मुद्रणालयातील अर्थ : मुद्रणाबरोबर या शब्दाच्या अर्थाने एक उलटी दिशा घेतली. जुळणीकारापुढे ठेवलेला हस्तलिखित मजकूर हा बहुधा लेखकाच्या कच्च्या खर्ड्यावरून लेखनिकाने केलेली स्वच्छ नक्कल असे. म्हणून त्या मजकुरालाच कॉपी म्हणू लागले. पुढे लेखकाने स्वतःच्या हाताने लिहिलेला मूळ कागद छापखान्यात आला, तरी त्यालाही तेच नाव लागू झाले. त्याच वेळी छापून बाहेर पडलेल्या प्रत्येक पुस्तकालाही कॉपीच म्हणत. अशा रीतीने छपाईच्या आरंभी असलेली वस्तू व शेवटी निघालेली वस्तू यांना एकच नाव मिळाले.

इंग्लंडचा आद्य मुद्रक विल्यम कॅक्स्टन (सु. १४२२–९१) याचा अनुभव या संदर्भात बोलका आहे. त्याने चॉसरच्या ‘कँटरबरी टेल्स’ची पहिली आवृत्ती सु. १४७६-७७ मध्ये छापली. ती चॉसरच्या मूळ रचनेशी जुळत नाही, अशी तक्रार एका गृहस्थाने त्याच्याकडे केली आणि आपल्या वडिलांकडील अधिक शुद्ध हस्तलिखित देऊ केले. आपण आपल्याजवळच्या कॉपीनुसार छापले असून पदरचे काही घातले वा गाळले नाही, असे कॅक्स्टनने उत्तर दिले. तरीही दुसऱ्या हस्तलिखिताच्या आधारे त्याने १४८३ मध्ये नवी आवृत्ती काढली. हा वृत्तांत त्याने स्वतःच त्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत दिला आहे. प्रामाणिक नक्कलही सदोष असू शकते, कारण तिचा आधारच सदोष असू शकतो, हे मुद्रणयुगाच्या आरंभीच ध्यानात आले होते, असे यावरून दिसते.

शेक्सपिअरच्या बाबतीत हा प्रश्न अधिकच बिकट झाला. त्याच्या प्रकाशित नाटकांपैकी एकाचेही स्वहस्ताक्षरातील हस्तलिखित उपलब्ध नाही. त्याच्या मृत्यूनंतर सात वर्षांनी, १६२३ मध्ये, त्याच्या दोन सहकारी नटांनी ३६ नाटकांचा संग्रह प्रसिद्ध केला. त्यांपैकी १८ नाटके प्रथमच छापली जात होती. हा संग्रह खऱ्या व मूळ ‘कॉपीं’वरून छापला आहे, अशी ग्वाही मुखपृष्ठावर देण्यात आली. मूळ व कॉपी हे शब्द एकमेकांचे विरोधक न मानता एकत्र योजलेले येथे आढळतात. या संग्रहाच्या उपलब्ध प्रतीही परस्परांशी तंतोतंत जुळत नाहीत. छपाई चालू असतानाच दुरुस्त्या होत व दुरुस्तीपूर्वी छापलेले कागदही वाया न घालवता बांधणीत घेतले जात. मुद्रणाने सर्व प्रती एकसारख्या होतात, ही समजूत त्या काळापुरती तरी अर्धसत्यच ठरते.

नकलांवरून मुळाकडे जाण्याचे जे शास्त्र पुढे विकसित झाले, ते पाठचिकित्सा होय. संपादनासाठी आधारभूत मानलेल्या पाठाला ‘कॉपी-टेक्स्ट’ ही संज्ञा आर. बी. मॅकेरो याने १९०४ मध्ये वापरली. डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रेग याने १९५०-५१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात तिची तात्त्विक मांडणी केली. मराठी वाचकास या प्रश्नाची ओळख ज्ञानेश्वरीच्या परंपरेतून आहे. नकला होता होता ज्ञानेश्वरीत पाठभेद व प्रक्षेप शिरल्यामुळे एकनाथांनी शके १५०६ मध्ये (इ. स. १५८४) तिची शुद्ध प्रत सिद्ध केली आणि तीत पुढे कोणी आपली ओवी घालू नये, असे बजावले. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ मध्ये हाती घेतलेले व १९६६ मध्ये पूर्ण केलेले महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे कार्यही, निरनिराळ्या लिप्यांतील शेकडो नकलांची तुलना करून प्राचीनतम उपलब्ध पाठाचा शोध घेण्याचे होते. अशा कार्यात नकलाकाराची चूकही उपयोगी पडते. दोन हस्तलिखितांत सारखीच चूक आढळली, तर ती एकाच पूर्वज प्रतीवरून उतरली असावीत, असे अनुमान करता येते.

हक्काचा अर्थ : सोळाव्या शतकापासून कॉपी या शब्दाला मालमत्तेचा अर्थ प्राप्त झाला. लंडनच्या मुद्रक व ग्रंथविक्रेत्यांच्या ‘स्टेशनर्स कंपनी’ या संघाला १५५७ मध्ये राजसनद मिळाली. सनदेमागे राजसत्तेचा हेतू आक्षेपार्ह लेखनावर नजर ठेवण्याचा, तर संघाचा हेतू आपसांतील स्पर्धा रोखण्याचा होता. एखाद्या सभासदाने शुल्क भरून ग्रंथाचे नाव संघाच्या नोंदवहीत लिहविले, की तो ग्रंथ त्याची ‘कॉपी’ ठरे; म्हणजे तो छापण्याचा अधिकार इतर सभासदांना राहत नसे. या व्यवस्थेत लेखकाला स्थान नव्हते. हस्तलिखित एकदा विकले, की त्याचा संबंध संपला.

जॉन मिल्टन (१६०८–७४) याने आपल्या ‘पॅरडाइस लॉस्ट’ या महाकाव्याबाबत २७ एप्रिल १६६७ रोजी सॅम्युएल सिमन्झ या मुद्रकाशी केलेला करार उपलब्ध आहे. त्यात काव्याचा उल्लेख ग्रंथ, कॉपी किंवा हस्तलिखित असा येतो. कवीला रोख पाच पौंड मिळाले व पहिल्या आवृत्तीच्या १,३०० प्रती खपल्यावर आणखी पाच पौंड मिळाले. १६८० मध्ये त्याच्या विधवेने उरलेसुरले सर्व हक्क आठ पौंडांना सोडून दिले. इंग्रजीतील एका श्रेष्ठ महाकाव्याबद्दल कवीला व त्याच्या कुटुंबाला मिळालेला एकूण मोबदला अठरा पौंड होता.

मुद्रणपरवान्याचा कायदा १६९५ मध्ये संपुष्टात आल्यावर संघाची मक्तेदारी ढिली पडली. ती पुन्हा मिळवण्यासाठी ग्रंथविक्रेत्यांनी संसदेकडे धाव घेतली व आपल्या अर्जांत लेखकांच्या हालअपेष्टा पुढे केल्या. त्यातून ॲन राणीच्या कारकीर्दीतील प्रसिद्ध कायदा झाला व तो १० एप्रिल १७१० पासून अंमलात आला. विद्येला उत्तेजन देणे हा आपला उद्देश असल्याचे या कायद्याच्या शीर्षकातच म्हटले होते आणि छापील ग्रंथांच्या ‘कॉपीं’चे स्वामित्व ग्रंथकारांकडे किंवा ते विकत घेणारांकडे सोपवले होते. नव्या ग्रंथांसाठी हक्काची मुदत चौदा वर्षे ठेवली होती. त्या अखेरीस लेखक हयात असल्यास ती आणखी चौदा वर्षे वाढे. पूर्वी छापलेल्या ग्रंथांना एकवीस वर्षांचे संरक्षण मिळाले. प्रत्येक ग्रंथाच्या नऊ प्रती ठराविक ग्रंथालयांना देण्याचे बंधनही घालण्यात आले. ‘कॉपीराइट’ हा जोडशब्द याच शतकात रूढ झाला.

मुदत संपल्यावरही रूढ कायद्यानुसार आपला हक्क कायम राहतो, असा लंडनच्या ग्रंथविक्रेत्यांचा दावा होता व १७६९ मध्ये एका खटल्यात तो मान्यही झाला. परंतु स्वस्त पुनर्मुद्रणे काढणारा एडिंबरोचा ग्रंथविक्रेता अलेक्झांडर डोनल्डसन याने जेम्स टॉमसनच्या ‘द सीझन्स’ या काव्यसंग्रहाबाबतचा वाद उमराव सभेपर्यंत नेला. सभेने फेब्रुवारी १७७४ मध्ये शाश्वत हक्काचा दावा फेटाळला. कोणतेही छापील पुस्तक केव्हा ना केव्हा सर्वांचे होईल, हे तत्त्व या निर्णयाने प्रस्थापित झाले. चॉसर, शेक्सपिअर, मिल्टन यांच्या स्वस्त आवृत्त्यांचा मार्ग त्यामुळे मोकळा झाला.

इंग्रजी संज्ञेचे वैशिष्ट्य यूरोपातील इतर भाषांशी तुलना केली असता स्पष्ट होते. फ्रेंच व जर्मन भाषांतील पर्यायी संज्ञांचा अर्थ ‘लेखकाचा हक्क’ किंवा ‘कर्त्याचा हक्क’ असा आहे. त्यांत भर व्यक्तीवर आहे, तर इंग्रजी संज्ञेत तो वस्तू बहुगुणित करण्याच्या क्रियेवर आहे. १८८६ च्या बर्न कराराने या दोन परंपरांना आंतरराष्ट्रीय पातळीवर एकत्र आणले. भारतात या विषयावर १८४७, १९१४ व १९५७ साली कायदे झाले. १९५७ च्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षांची मुदत होती, ती १९९२ मधील दुरुस्तीने साठ वर्षे करण्यात आली.

कित्ता व अनुकरण : शिक्षणाच्या क्षेत्रात कॉपी म्हणजे शिक्षकाने वर लिहून दिलेली ओळ. खालच्या रिकाम्या ओळींवर विद्यार्थी ती पुन्हा पुन्हा लिहून अक्षर घटवी. ताम्रपटावर कोरून छापलेल्या वळणदार अक्षरांची पुस्तके अठराव्या शतकात लोकप्रिय झाली. जॉर्ज बिकम याने १७३३ ते १७४१ या काळात प्रसिद्ध केलेले ‘द युनिव्हर्सल पेनमन’ हे त्यांपैकी विशेष प्रसिद्ध होय. कित्त्याची ओळ बहुधा एखादे नीतिवचन असे. त्यामुळे अक्षराबरोबर आचरणही वळणावर येईल, अशी अपेक्षा होती. क्रिकेटमधील निर्दोष फटक्याला ‘कॉपीबुक’ म्हणतात, ते याच परंपरेतून.

प्रबोधनकाळात लेखनाचे शिक्षणही अनुकरणावरच उभे होते. पण त्या अनुकरणाचे ध्येय विपुलता हे होते. इरॅस्मसने १५१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, शब्द व विषय यांच्या ‘कोपिआ’वरील पाठ्यपुस्तकात एकच आशय नाना प्रकारे कसा मांडावा, हे शिकवले आहे. आपल्या पत्राने मला फार आनंद झाला, या अर्थाचे एक साधे वाक्य घेऊन त्याने त्याची शंभराहून अधिक रूपे करून दाखवली. हे पुस्तक त्याने लंडनमधील सेंट पॉल्स शाळेचा संस्थापक जॉन कॉलेट याला अर्पण केले होते. अभिजात लेखकांचे अनुकरण करता करता विद्यार्थ्याच्या ठायी स्वतःचा शब्दसंग्रह साठावा, ही यामागची दृष्टी होती. विपुलता व नक्कल हे शब्दाचे दोन अर्थ येथे एकमेकांना पूरक आहेत.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ही दृष्टी बदलली. एडवर्ड यंग (१६८३–१७६५) याने १७५९ मध्ये स्वतंत्र रचनेवर लिहिलेल्या निबंधात असे प्रतिपादन केले, की अस्सल कृती वनस्पतीप्रमाणे प्रतिभेच्या मुळापासून आपोआप वाढते, तर अनुकृती ही दुसऱ्याच्या सामग्रीतून घडवलेली कारागिरी असते. स्वच्छंदतावादी कवींनी व समीक्षकांनी हा विचार पुढे नेला. ग्रंथस्वामित्वाचे मोठे खटले नेमके याच सुमारास चालू होते, ही बाब लक्षणीय आहे. लेखन ही लेखकाच्या व्यक्तित्वाची निर्मिती मानली गेल्यावर तिच्यावर त्याचा मालकीहक्क सांगणे सोपे झाले आणि नक्कल करणारा हा शिष्य न राहता अपहारकर्ता ठरू लागला. मुलांच्या तोंडी असलेला ‘कॉपीकॅट’ हा हिणवणारा शब्द एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकन इंग्रजीत आढळू लागतो.

कचेरी व यंत्रे : व्यापार व प्रशासन यांच्या वाढीबरोबर नकला करणे हे एका मोठ्या कारकूनवर्गाचे उपजीविकेचे साधन झाले. त्यातील कंटाळवाणेपणाचे प्रभावी चित्र हर्मन मेल्व्हिलच्या १८५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘बार्टलबी’ या कथेत आहे. न्यूयॉर्कमधील एका वकिलाचा नकलनवीस प्रथम नकला ताडून पाहण्यास व शेवटी नक्कल करण्यासच शांतपणे नकार देतो, असे तिचे कथानक आहे.

हे श्रम वाचवणारी साधने त्यापूर्वीच निघू लागली होती. बाष्पयंत्राबद्दल प्रसिद्ध असलेल्या जेम्स वॉटने १७८० मध्ये पत्रांच्या नकला करणाऱ्या दाबयंत्राचे एकस्व घेतले. विशिष्ट शाईने लिहिलेल्या पत्रावर ओलसर पातळ कागद दाबला, की त्यावर उलटा ठसा उमटे व तो कागदाच्या मागील बाजूने सुलट वाचता येई. १८०६ मध्ये रॅल्फ वेजवुडने कार्बन कागदाचे एकस्व मिळवले. परंतु त्याचा खरा प्रसार टंकलेखन यंत्र आल्यावर झाला. डेव्हिड गेस्टेटनरने १८८१ मध्ये सिद्ध केलेल्या सायक्लोस्टाइल पद्धतीने मेणकागदावरून शेकडो प्रती काढता येऊ लागल्या. परिपत्रके, संस्थांची इतिवृत्ते व चळवळींची पत्रके यांचा खर्च त्यामुळे सामान्य संस्थांच्या आवाक्यात आला.

एकस्व कार्यालयीन कामात वारंवार नकला लागत असल्यामुळे त्रस्त झालेल्या चेस्टर कार्लसन (१९०६–६८) याने २२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यूयॉर्कमधील ॲस्टोरिया येथे शाईशिवाय, स्थिर विद्युतभाराच्या साहाय्याने, पहिली कोरडी प्रतिमा उमटवली. या पद्धतीचे झेरॉग्राफी हे नाव ‘कोरडे’ व ‘लेखन’ या अर्थांच्या ग्रीक शब्दांपासून बनवले आहे. तिच्यावर आधारलेले झेरॉक्स ९१४ हे यंत्र १९५९ मध्ये बाजारात आले. ९ इंच रुंद व १४ इंच लांब कागदापर्यंत नक्कल करता येत असल्याने त्याला हा क्रमांक मिळाला. यापूर्वी अनेक प्रती काढण्यासाठी मेणकागदासारखी पूर्वतयारी करावी लागे. आता वाचकाच्या हाती असलेल्या कोणत्याही छापील पानाची प्रत काही क्षणांत निघू लागली. प्रकाशकाशिवाय इतरांनाही प्रती काढणे शक्य झाल्यामुळे १७१० च्या कायद्यापासून चालत आलेली सर्व गृहीते अडचणीत आली.

वृत्तपत्र व जाहिरात : वृत्तपत्रसृष्टीत बातमीदाराने वा लेखकाने दिलेल्या, छपाईसाठी तयार असलेल्या मजकुराला कॉपी म्हणतात. तो तपासणारे संपादकीय कर्मचारी व तो पूर्वी धावत पोचवणारा पोऱ्या यांच्या पदनामांतही हा शब्द येत असे. एखादी घटना वा व्यक्ती चांगली ‘कॉपी’ आहे, असे म्हणताना तिच्याविषयी वाचनीय मजकूर लिहिता येईल, एवढाच अर्थ अभिप्रेत असतो. जाहिरातीतील शब्दयोजना करणारा लेखक हा ‘कॉपीरायटर’ होय. त्याचे काम नवे शब्द सुचवण्याचे असले, तरी त्याच्या पदनामात नकलेचा शब्द आहे. तो मुद्रणालयातील जुन्या अर्थाचा अवशेष होय.

मराठीतील पर्याय : इंग्रजीत एका शब्दात साठलेले हे अर्थ मराठीने अनेक शब्दांत विभागले आहेत. छापील वा हस्तलिखित ग्रंथाच्या एका नगास ‘प्रत’ म्हणतात. हाच शब्द दर्जा या अर्थीही येतो. ‘उच्च प्रतीचा माल’, ‘प्रतवारी’ हे प्रयोग त्याची साक्ष देतात. दप्तरातील कागदाच्या प्रमाणित प्रतीस ‘नक्कल’ हा अरबीतून आलेला शब्द असून त्याला हुबेहूब वा थट्टेखोर अनुकरण असाही अर्थ आहे. मोठ्या नोंदीतून उतरवून घेतलेला भाग म्हणजे ‘उतारा’. गावनमुना सात व बारा यांचा उतारा हा महाराष्ट्रातील शेतकऱ्याच्या नित्य परिचयाचा कागद असून, नोंदवहीतील मजकुराच्या प्रतीला खातेदाराच्या जीवनात केवढे महत्त्व येते, हे त्यावरून समजते. अक्षर गिरवण्यासाठी ‘कित्ता’ व छपाईसाठी ‘मजकूर’ हे शब्द रूढ आहेत. कॉपीराइट या संज्ञेसाठी स्वामित्वहक्क, लेखाधिकार, प्रताधिकार असे पर्याय योजले गेले. त्यांपैकी पहिल्यात मालकीवर, दुसऱ्यात लेखनावर व तिसऱ्यात प्रतींवर भर आहे. प्रकाशचित्रीय प्रतीला लोकव्यवहारात ‘झेरॉक्स’ हेच नाव पडले आहे.

‘कॉपी’ हा मूळ इंग्रजी शब्द मात्र मराठीत मुख्यतः परीक्षेतील गैरप्रकार या एकाच अर्थाने स्थिरावला. हिंदीत ‘कापी’ म्हणजे वही. मराठीत तसा अर्थ रुळला नाही. विद्यापीठीय व मंडळाच्या परीक्षांतील गैरप्रकारांना आळा घालण्यासाठी महाराष्ट्रात १९८२ मध्ये स्वतंत्र अधिनियम करण्यात आला. ‘कॉपीमुक्त परीक्षा’ हा शब्दप्रयोग शासकीय व्यवहारातही वापरला जातो. पाठांतर करून पुस्तकातील उत्तर जसेच्या तसे उतरवणे गुणप्राप्तीस पात्र आणि तेच उत्तर चिठ्ठीवरून उतरवणे दंडास पात्र, असा भेद परीक्षापद्धती करते. दंड उत्तराच्या स्वरूपाला नसून त्याच्या मार्गाला आहे. मुभा असलेली व मुभा नसलेली नक्कल, हा शब्दाच्या लॅटिन इतिहासातील भेदच येथे वेगळ्या रूपात दिसतो.

संगणकयुग : संगणकामुळे कॉपी या शब्दाला क्रियापद म्हणून अभूतपूर्व प्रचार मिळाला. मजकूर निवडून त्याची प्रत घेणे व ती दुसरीकडे चिकटवणे ही आज्ञापद्धती लॅरी टेस्लर व त्याचे सहकारी यांनी १९७० नंतरच्या दशकाच्या पूर्वार्धात, झेरॉक्स कंपनीच्याच कॅलिफोर्नियातील संशोधन केंद्रात विकसित केली. इलेक्ट्रॉनिक पत्रव्यवहारात ‘सीसी’ या आद्याक्षरांच्या रूपाने कार्बन प्रतीची स्मृती टिकून राहिली आहे. संगणकीय प्रतीत मूळ व नक्कल यांत गुणवत्तेचा कोणताही फरक उरत नाही. इतकेच नव्हे, तर मजकूर पडद्यावर वाचण्यासाठीही यंत्राला आपल्या स्मृतीत त्याची प्रत करावी लागते. वाचणे व नक्कल करणे या दोन क्रिया छापील पुस्तकाच्या बाबतीत वेगळ्या होत्या. येथे त्या अविभाज्य झाल्या. केवळ नक्कल करण्याच्या क्रियेवर आधारलेला हक्क अशा स्थितीत कसा आखावा, हा विधिज्ञांपुढील मोठा प्रश्न आहे.

भारतात हा प्रश्न छायाप्रतींच्या संदर्भात न्यायालयापुढे आला. दिल्ली विद्यापीठाच्या परिसरातील एका दुकानात अभ्यासक्रमानुसार निरनिराळ्या पुस्तकांतील प्रकरणांच्या छायाप्रतींचे संच विद्यार्थ्यांसाठी तयार होत. त्याविरुद्ध ऑक्सफर्ड, केंब्रिज व टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशनसंस्थांनी २०१२ मध्ये दावा दाखल केला. १६ सप्टेंबर २०१६ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकसदस्यीय पीठाने तो फेटाळला. ९ डिसेंबर २०१६ रोजी द्विसदस्यीय पीठाने काही तथ्ये तपासण्यासाठी प्रकरण परत पाठवले. मात्र अध्यापनाच्या ओघात व त्या प्रयोजनापुरत्या केलेल्या प्रतींना १९५७ च्या कायद्यातील अपवाद लागू होतो, हे तत्त्व मान्य केले. मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावा मागे घेतला. बोलोन्या व पॅरिस येथील विद्यार्थी तेराव्या शतकात ज्या गरजेपोटी ग्रंथांच्या जुड्या भाड्याने नेत होते, तीच गरज या निर्णयाच्या मुळाशी होती. प्रतींचे मोल ठरवण्याचा अधिकार त्या वेळी विद्यापीठाकडे होता. आता प्रयोजन पाहून मर्यादा आखण्याचे काम न्यायालयांकडे आले आहे.